जाण्याची तारीख

माझा सख्खा मेहुणा माझ्याच घरात दोन दिवस अनधिकृतपणे राहिला, असा शेरा नगरपालिकेच्या दप्तरात आहे. शेऱ्याच्या पुराव्यादाखल मेहुण्याची सही आहे, माझी सही आहे, आणि हा पुरावा नगरपालिकेच्या हातात देणारा माणूसही मीच आहे. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाच्या हातून असं कसं झालं, याचं लोकांना आश्चर्य वाटतं. मी म्हणतो, दुसऱ्या कुणाच्या हातून ते झालंच नसतं.

मी पाणीपुरवठा खात्यात नोंदणीच्या खिडकीवर होतो. माझ्या खिडकीतून अर्धवट भरलेला अर्ज कधी आत आला नाही. लोक कुरकुर करायचे, "साहेब, हा रकाना आम्हाला लागूच होत नाही." मी म्हणायचो, "मग तसं लिहा. 'लागू नाही' असं लिहा आणि सही करा. पण रिकामा सोडू नका. रिकाम्या रकान्यात उद्या कोणीही काहीही लिहून ठेवील." माझ्या निरोप समारंभात साहेबांनी भाषणात ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळं ऑफिस पोट धरधरून हसलं. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

निवृत्त झालो आणि घरी बसलो. पहिल्या महिन्यात स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना अनुक्रमांक दिले. दुसऱ्या महिन्यात कुठल्या क्रमांकात काय आहे याची यादी फ्रिजवर लावली. तिसऱ्या महिन्यात बायकोनं यादी काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "अहो, मला घरात बोलायला माणूस हवंय. तुमच्याशी बोललं की पावती मिळते."

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. घर फार शांत झालं होतं. आमची एकुलती एक लेक तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि जाताना आमचं चांगलंच वाजलं. मी म्हणालो, "इथे काय कमी आहे तुला?" ती म्हणाली, "मी काही परत येणार नाही. माझ्या खोलीचं काय हवं ते करा." ती रागात बोलली आणि मीही रागात "बरं" म्हणालो. तेव्हापासून फोन यायचा तो आईला. माझ्या वाट्याला "बाबांना सांग" एवढंच यायचं. ते मला लागायचं, पण मी तसं कधी दाखवलं नाही.

तर ही खोली प्रवाशांना दोन-दोन, चार-चार दिवसांसाठी द्यायची, असं बायकोनं ठरवलं. नवी माणसं येतील, चार गप्पा होतील. मी लगेच तयार झालो. मात्र एक अट घातली, की सगळं रीतसर करायचं. परवाना काढायचा.

परवाना हा शब्द ऐकून समोरच्या ब्लॉकमधले 'अनुभवी' चपला न घालताच आमच्याकडे आले. त्यांचं खरं नाव जिन्याखालच्या टपालपेटीवर आहे, पण त्यांचं प्रत्येक वाक्य "माझा अनुभव सांगतो" असं सुरू होतं, म्हणून आम्ही त्यांना अनुभवीच म्हणतो. ते स्वतः तीन खोल्या भाड्यानं देतात आणि त्यांच्याकडे कसलाही कागद नाही.

"माझा अनुभव सांगतो," ते म्हणाले, "अर्ज केला की तपासणी होते. तपासणी झाली की चुका निघतात. चुका नको असतील तर अर्ज करू नये."

"आणि कोणी विचारलं तर?"

"आतेभाऊ आहे म्हणायचं. मला गेल्या वर्षात चाळीस आतेभाऊ झाले. त्यातले दोन परदेशी होते."

अशा माणसाचा सल्ला मी मानणार नव्हतोच. दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेत गेलो. अर्ज बत्तीस रकान्यांचा होता. ऐन उन्हात बाकावर बसून तो वाचताना मला नोकरीत परत गेल्यासारखं वाटलं. सतरा रकान्यांत 'लागू नाही' लिहिलं, प्रत्येक ठिकाणी सही केली आणि अर्ज खिडकीत दिला. आतल्या कारकुनानं तो उलटसुलट करून पाहिला.

"काका, अग्निशमनचा दाखला जोडा."

अग्निशमनच्या खिडकीवर गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "आधी खोलीची तपासणी झाल्याचा कागद आणा." परत पहिल्या खिडकीवर आलो. कारकून म्हणाला, "दाखल्याशिवाय तपासणी कशी होणार?" मी त्या दोन खिडक्यांमध्ये पाच खेपा घातल्या. सहाव्या खेपेला एकदम लक्षात आलं, की अशीच एक जोडगोळी आमच्या खात्यातही होती आणि तिच्यातली एक खिडकी माझी होती. मी गपचूप बाकावर बसलो. शेवटी दोन्ही खिडक्या एकाच वेळी जेवायला उठल्या तेव्हा मी त्या दोघांना डबा खाताना एका टेबलावर गाठलं आणि प्रश्न दोन मिनिटांत सुटला. इतकी वर्षं लोकांना हे का सुचलं नाही कोण जाणे.

राहता राहिला रकाना चौदा. 'कुटुंबातील सज्ञान व्यक्तींचे ना-हरकत पत्र.' मी तिथे 'लागू नाही' लिहिलं होतं.

"मुलगी आहे ना तुम्हाला?" कारकुनानं विचारलं.

"आहे, पण ती इथे राहत नाही."

"पण आहे ना? मग लागू आहे."

फोन बायकोनंच केला. आठ दिवसांनी पाकीट आलं. आत एक ओळ होती, 'माझी काहीही हरकत नाही,' आणि खाली पूर्ण नावानिशी सही. मी ती ओळ नगरपालिकेनं दिलेल्या नमुन्याशी ताडून पाहिली. 'काहीही' हा शब्द नमुन्यात नव्हता. कागद फाइलीला लावताना पंच केलेलं भोक नेमकं त्या शब्दावर आलं, म्हणून मी तो काढून दुसऱ्या बाजूनं लावला.

पहिल्या तपासणीला निरीक्षक बाई आल्या. वय असेल तिशीचं, हातात मापाची टेप आणि चेहऱ्यावर कुणाचंही चहाचं आमंत्रण न स्वीकारण्याचा निर्धार. मी फाइल पुढे केली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि सरळ खोली मोजायला लागल्या.

"मोकळी जागा कमी भरतेय. हे टेबल भिंतीत पक्कं आहे, त्यामुळे ते जागेत धरता येत नाही. काढावं लागेल."

ते टेबल लेकीचं. ती सातवीत असताना मी सुताराला उभं करून बनवून घेतलं होतं. सुतार म्हणाला होता, बारा स्क्रू पुरे. मी म्हणालो होतो, बेचाळीस. मुलीचं टेबल आहे, हलता कामा नये.

मग त्यांचं लक्ष दारामागे लावलेल्या नकाशाकडे गेलं. आणीबाणीत बाहेर कसं पडायचं याचा नकाशा नियमानुसार लावावा लागतो. तो मी दोन दिवस खपून तीन रंगांत काढला होता. बाईंनी त्यावरचा लाल बाण बोटानं गिरवला.

"आग लागली तर पाहुण्यानं बाथरूममध्ये जायचं?"

नकाशा काढताना डावं-उजवं उलटं झालं होतं. मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "पाणी तिथेच आहे ना!" बाईंनी टेपमागे तोंड लपवलं. हसल्या असाव्यात, पण तसं लेखी काही नाही.

त्रुटींची यादी मिळाली. टेबल काढणे, नकाशा सुधारणे, धुराची सूचना देणारं यंत्र बसवणे आणि पाहुण्यांची नोंदवही ठेवणे.

टेबल काढायला तोच सुतार आला, आता पार म्हातारा झालेला. पहिले सहा स्क्रू काढून तो खाली बसला आणि माझ्याकडे नुसता बघत राहिला. संध्याकाळपर्यंत बेचाळिसावा स्क्रू निघाला आणि त्याच्याबरोबर भिंतीचा हातभर गिलावाही निघाला. गिलावा भरायला गवंडी आला, तर त्याला भिंतीत ओल दिसली. ओल बघायला प्लंबर आला, तर त्यानं बाथरूमची फरशी उखडली. अनुभवी रोज दारात येऊन म्हणायचे, "माझा अनुभव सांगतो, आतेभाऊ काही उखडत नाहीत." टेबल गॅलरीत उभं राहिलं. त्याच्यामुळे गॅलरीत कपडे वाळत घालता येईनात, ते बैठकीत आले. बैठकीतल्या खुर्च्या पाहुण्यांच्या खोलीत गेल्या आणि मोकळी जागा पुन्हा कमी भरायला लागली.

धुराचं यंत्र बसलं. तवा जरा तापला की ते किंचाळायचं आणि खालचे-वरचे शेजारी धावत यायचे. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं वास घेतला आणि म्हणाला, "मशीन उत्तम आहे. वहिनी, आच कमी ठेवा." त्या दिवशी आम्हाला जेवायला बाहेर जावं लागलं.

आता राहिली नोंदवही. माझा जीव की प्राण. जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं आणि स्वतःच्या हातानं रकाने आखले. नाव, कुठून आलात, घरमालकाशी नातं, येण्याचं कारण, येण्याची तारीख, जाण्याची तारीख, अभिप्राय. रकाने असे सुबक आले होते की रजिस्टर कोरं ठेवणं मला जड जाऊ लागलं. आणि मला रंगीत तालमीची कल्पना सुचली.

मेहुण्याला बोलावलं. बायकोचा धाकटा भाऊ, स्वभावानं गरीब आणि खाण्याला नाही न म्हणणारा. त्याला मी बजावलं, "दोन दिवस तू परका आहेस. मी तुला ओळखत नाही. तसंच वागायचं आणि तसंच लिहायचं."

"आणि ताई मला ओळखते का, भाऊजी?"

"नाही."

"मग जेवण?"

"जेवणापुरती ओळखते."

त्यानं भूमिका मनापासून वठवली. मला 'मालक' म्हणू लागला. दुसऱ्या दिवशी जाताना रजिस्टर भरलं. नातं: काही नाही. येण्याचं कारण: पर्यटन. अभिप्रायात लिहिलं, 'उशी कडक आहे. मालकीणबाई देवमाणूस. मालक फार बोलतात.' मी प्रतिस्वाक्षरी केली. अभिप्राय मनाला लागला, पण रकाना पूर्ण भरलेला होता.

दुसऱ्या तपासणीला बाई आल्या तेव्हा मेहुणाही आला होता, निकाल ऐकायला. खुर्च्या मी आदल्या दिवशीच गच्चीवर हलवल्या होत्या. खोली मोजली, बरोबर भरली. नकाशातला बाण आता जिन्याकडे जात होता. यंत्राची चाचणी घ्यायची म्हणाल्या, तेवढ्यात बायकोनं आत तवा ठेवला आणि यंत्रानं बिल्डिंग दणाणून सोडली. बाईंनी कानावर हात ठेवून त्या बाबीपुढे बरोबरची खूण केली. मग मी अभिमानानं नोंदवही पुढे केली.

त्यांनी पहिलं पान उघडलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"परवाना मिळायच्या आधीच पाहुणा ठेवलात?"

"छे हो! तो पाहुणा नाही. माझा मेहुणा आहे. हा काय, इथेच बसलाय."

"इथे लिहिलंय, नातं काही नाही."

"ते मीच लिहायला सांगितलं होतं. तालीम होती."

"येण्याचं कारण पर्यटन लिहिलंय. ह्यांचं घर कुठे आहे?"

"मागच्या गल्लीत," मेहुणा खाली मान घालून म्हणाला.

मी नात्याचे पुरावे द्यायला निघालो. लग्नाचा अल्बम काढला. फोटोत मेहुणा आठ वर्षांचा होता आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून जेवत होता. नेमकं त्याच वेळी जिन्यावरून अनुभवींचा आवाज आला. ते बॅगा घेतलेल्या दोघा अनोळखी माणसांना "या, या, आतेभाऊ" म्हणत वर नेत होते. त्यांचे पाहुणे नातेवाईक ठरत होते आणि माझा नातेवाईक पाहुणा ठरला होता. माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

त्या पाण्याचा परिणाम झाला असावा. बाई जरा नरमल्या. "मी शेरा मारते आणि ताकीद देऊन सोडते," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं पूर्ण आहे. एवढी व्यवस्थित फाइल आमच्याकडे येत नाही." मला आकाश ठेंगणं झालं. त्यांनी अहवालाचा कागद काढला. एकच प्रश्न उरला होता. "ही खोली कुटुंबातील कुणाच्या वापरात आहे का? कुणाच्याही वापरात असेल तर परवाना मिळत नाही."

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि बेल वाजली.

दारात लेक उभी होती. दोन मोठ्या बॅगा होत्या आणि काखेत तिची उशी. चार दिवसांसाठी येणारं माणूस उशी घेऊन येत नाही. बायकोला ते पाहताक्षणी कळलं असावं, कारण ती काही न विचारता हात पुसत पुढे झाली. मी मात्र जागचा हललो नाही.

लेक सवयीनं सरळ आपल्या खोलीकडे गेली आणि दारात थबकली. दारावर माझ्या अक्षरात पाटी होती, 'पाहुण्यांसाठी सूचना. १. येण्यापूर्वी घरमालकांची परवानगी घ्यावी.' तिनं सगळ्या अकरा सूचना वाचल्या. मग आत डोकावली.

"माझं टेबल कुठंय?"

"गॅलरीत," मी म्हणालो. तीन वर्षांत मी तिच्याशी समोरासमोर बोललेला हा पहिला शब्द.

बाईंचं पेन तसंच थांबलं होतं. "ह्या कोण? ह्यांचं बुकिंग आहे का?"

बायको माझ्याकडे बघत होती, मेहुणा छताकडे. लेकीनं उशी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"मी पाहुणीच आहे," ती म्हणाली. "दोन-चार दिवस राहीन आणि दुसरीकडे बघेन. माझी हरकत नाही. तसं मी लेखी दिलंय."

ते तिनं मला सुनावलं असतं तर मी उलट बोललो असतो. पण ती अगदी हळू बोलली, खिडकीपुढे अर्ज घेऊन उभी राहणारी माणसं बोलायची तशी. तीस वर्षं मी तो आवाज ऐकला होता आणि काचेच्या आत बसून रकाने तपासले होते.

"बाई," मी म्हणालो, "त्या प्रश्नापुढे 'होय' लिहा."

"म्हणजे?"

"खोली वापरात आहे. माझ्या मुलीच्या. आधीपासूनच होती, अर्ज चुकीचा भरला गेला."

"अहो, अर्ज नामंजूर होईल. वर्षभर पुन्हा करता येणार नाही. पाच महिने खेपा घालताय तुम्ही."

"होऊ दे. आणि फाइलीतला तो ना-हरकतीचा कागद मला परत द्या. तो लागू नाही."

बाईंनी 'होय' लिहिलं, कागद काढून दिला आणि पहिल्यांदाच आमच्याकडचा चहा घेतला. जाताना म्हणाल्या, "अशी फाइल नामंजूर करताना जिवावर येतंय." आम्ही त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो. त्यांनी समोरच्या दाराकडे पाहिलं आणि बेल दाबली. "मघाचे आतेभाऊ इथेच गेले ना? जरा त्यांना त्यांच्या आईचं नाव विचारायचंय." अनुभवींच्या दाराआड बराच वेळ कुजबुज चालू होती. त्यांच्या अनुभवात त्या दिवशी मोठी भर पडली.

लेकीनं सगळं जेवताना सांगितलं. तिच्या कंपनीनं तिचा अख्खा विभाग बंद केला होता. दीड महिना ती नोकरी शोधत होती आणि आईला "सगळं छान" म्हणून सांगत होती. "परत येणार नाही असं मीच म्हटलं होतं ना," ती ताटाकडे बघत म्हणाली. "मग यायचं कसं?"

"मी 'बरं' म्हणालो होतो," मी म्हणालो. "ते चुकलं माझं."

एवढं बोलायला मला तीन वर्षं लागली. बायकोनं दोघांनाही आणखी वाढलं, आणि तवा तापून यंत्र किंचाळलं तरी त्या दिवशी कुणी उठलं नाही.

दोन दिवसांनी टेबल आत आलं. सुतारानं स्क्रूंचा डबा उघडून माझ्याकडे पाहिलं. "बारा?" त्यानं आशेनं विचारलं. मी काही बोलायच्या आत लेक म्हणाली, "बेचाळीस." म्हातारा पुटपुटत कामाला लागला. मेहुणा कडक उशी घेऊन घरी गेला. तक्रार केली होती तरी त्याला ती आवडली होती म्हणे.

संध्याकाळी मी दारावरची पाटी काढून ठेवायला खोलीत गेलो तर टेबलावर नोंदवही उघडी होती. मेहुण्याच्या खाली लेकीनं स्वतःची नोंद केली होती. नाव होतं, कुठून आलात होतं. नातं: मुलगी. येण्याचं कारण: नोकरी गेली, घर आठवलं. येण्याची तारीख बरोबर होती. अभिप्रायात लिहिलं होतं, 'उशी स्वतःची आणली. मालक अजून फार बोलत नाहीत. सुधारणेला वाव आहे.'

जाण्याची तारीख मात्र तिनं रिकामी सोडली होती.

लेक दारात येऊन उभी होती. मी काय करतो ते बघत होती. मी खिशातून पेन काढलं, खुर्चीत नीट बसलो, त्या रकान्यात 'लागू नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली.